निरीक्षणपत्रिका आणि चिंचोके

अंगणवाडीत दर महिन्याला मुलांचे वजन होते. काट्यावरचा आकडा वाचून तक्त्यात भरला, की काम संपते. मूल इतरांत किती मिसळते, आपली पाळी येईपर्यंत थांबते का, सूचना ऐकून हाती घेतलेले काम शेवटास नेते का, हे मोजायला मात्र असा काटा नाही. तेथे पाहणाऱ्याच्या नजरेवरच सारे अवलंबून असते. हे मला उशिरा कळले.

डहाणू तालुक्यातील एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी पर्यवेक्षिका म्हणून गेले होते. हातातल्या निरीक्षणपत्रिकेत प्रत्येक कौशल्यापुढे ‘नेहमी’, ‘कधी कधी’, ‘अद्याप नाही’ अशा तीन चौकटी होत्या. चार वर्षांची एक मुलगी दाराशी बसून होती. ‘चटई गुंडाळ आणि कोपऱ्यात ठेव,’ असे मी तिला म्हटले. ती नुसती पाहत राहिली. गाण्यात आली नाही, ठोकळ्यांना तिने हात लावला नाही. पाऊण तासात मी तिच्या नावापुढे ‘अद्याप नाही’च्या खुणा केल्या आणि ‘मिसळत नाही’ असा शेराही लिहिला.

खिचडी वाढली जात असताना तिने धाकट्या भावाचे हात धुतले. त्याची ताटली भरेपर्यंत स्वतःची पुढे केली नाही. जेवणानंतर तिने तीन मुलींना जमवून चिंचोक्यांचा डाव मांडला. एकीने पाळी नसताना चिंचोके उचलले, तेव्हा हिने तिचा हात धरून वारलीत काहीतरी समजावले आणि डाव पुढे सुरू झाला. मदतनीसबाईंनी त्याच बोलीत सांगताच तिने चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

कौशल्य तिच्यापाशी होते. माझी सूचनाच तिच्या भाषेत नव्हती. तो शेरा तसाच राहिला असता, तर पहिलीच्या गुरुजींनी तिला पाहण्याआधी तो वाचला असता.

याच तालुक्यात, बोर्डी येथे, 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबडला बहरले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. मी अंगणापर्यंत पोहोचले होते, पण पत्रिका बाहेरचीच घेऊन.

मी शेरा खोडला. पुढच्या तीन भेटींत तिला खेळताना, जेवताना, गोष्ट ऐकताना पाहिले. सेविकेला आणि तिच्या आईला विचारले. मताऐवजी पाहिलेला प्रसंग लिहिला. एक उणीव खरी निघाली : मराठीतील गोष्ट तिला उमगत नव्हती. तेव्हापासून सेविका गोष्ट आधी वारलीत सांगू लागल्या. मोजमापाचा उपयोग झाला तो येथे.

आपणांपैकी काहींचे शिक्षण अशाच एखाद्या शेऱ्याने अर्ध्यावर थांबले असेल. म्हणून आपण कधी अशी चौकट भरायला बसाल, तेव्हा आधी स्वतःला विचारा : मी या मुलाला कोठे पाहिले, किती वेळा पाहिले आणि कोणत्या भाषेत विचारले?