चार शाळा आणि एक लायसन्स

चि. मृण्मयीस,


नेमणुकीचं पत्र आलं, स्कूल नर्सचं क्रेडेन्शियल हाती पडलं, ऑगस्टमध्ये रुजू होतेस, हे वाचून फार आनंद झाला. पण तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मनात राहिला. "मावशी, चार शाळा माझ्याकडे आहेत आणि मी एका वेळी एकाच शाळेत असणार. बाकी तीन शाळांतल्या मुलांचं कोण बघणार? आणि तिथे काही चुकलं तर ते कोणाच्या अंगावर येणार?" फोनवर हे अर्धवटच सांगून झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ही अडचण तुझ्या एकटीची नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या एका निकालातच नोंद आहे, की राज्यातल्या सरकारी शाळांपैकी सुमारे ५ टक्के शाळांत पूर्णवेळ नर्स होती, ६९ टक्क्यांत अर्धवेळ, आणि २६ टक्के शाळांत नर्सच नव्हती. तो निकाल कसा लागला हे तुला नीट ठाऊक असायला हवं, कारण तुझ्या रोजच्या कामाची चौकट तिथे ठरली आहे.

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाला दुपारच्या जेवणाच्या वेळी इन्सुलिन लागतं. नर्स शाळेत नाही आणि दुसऱ्या कोणी टोचायचं नाही, असं अनेक शाळा सांगत. मग आई नाहीतर बाप रोज भरदुपारी नोकरीवरून धावत येई. ज्यांना तसं येता येत नसे, त्यांनी काय करायचं? २००५ मध्ये काही मधुमेही मुलांचे पालक आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशन कोर्टात गेले. २००७ मध्ये तडजोड झाली आणि राज्याच्या शिक्षण खात्याने कळवलं, की नर्स उपलब्ध नसेल तर प्रशिक्षण दिलेला, लायसन्स नसलेला कर्मचारीही इन्सुलिन देऊ शकेल. त्यावर नर्सेसच्या संघटना कोर्टात गेल्या आणि खालच्या दोन्ही कोर्टांत जिंकल्या. शेवटी १२ ऑगस्ट २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल फिरवला. डॉक्टरांनी मुलाच्या नावाने लेखी आदेश दिला आहे, पालकांची लेखी संमती आहे, आणि तो आदेश पाळणारा माणूस आपण नर्स असल्याचा आव आणत नाही. एवढं असेल तर नर्सिंगच्या कायद्याची त्याला आडकाठी नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

त्या काळात आम्हा नर्सेसमध्ये फार तावातावाने वाद झाले. नर्सेस आपलं कुंपण राखताहेत असं बाहेर बोललं जाई आणि ते मला लागायचं. इन्सुलिन हे जास्त झालं तर जीव घेणारं औषध आहे. अर्धा युनिट आणि पाच युनिट यांत कागदावर एका टिंबाचा फरक असतो. ते हलक्या हाताने कोणाकडेही द्यावं असं कोणतीच शहाणी नर्स म्हणणार नाही. पण पालकांचीही बाजू खोटी नव्हती. मूल शाळेत आहे, भूक लागली आहे, औषध कपाटात आहे आणि द्यायला माणूस नाही, ही परिस्थिती कोणत्याही कायद्याच्या नावाखाली चालवून घेता येत नाही. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. कायद्याचा अर्थ कोर्टाने बरोबर लावला. पण त्यामुळे नर्सेस नेमण्याची शाळांची जबाबदारी संपली असा ज्यांनी समज करून घेतला, त्यांनी मुलांचं नुकसान केलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. काम सोपवताना आपण हाताचं काम सोपवतो. पारख सोपवता येत नाही. मुलाला तपासून काय चाललंय ते ठरवणं, त्यावरून पुढचं ठरवणं, आणि केल्याचा काय परिणाम झाला ते जोखणं, हे तुझ्याकडेच राहतं. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या नियमांत हे सगळीकडे सारखं आहे. पुस्तकातल्या पाच कसोट्या तुला पाठ असतील: काम योग्य, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना योग्य, देखरेख योग्य. परीक्षेत पाचही लिहून होतात. शाळेत चौथी आणि पाचवी पहिल्या महिन्यातच गळून पडतात, त्यांना धरून ठेव.

दुपारचं इन्सुलिनच घे. बाहेरून ते एक काम दिसतं. आत काय काय आहे बघ. शुगर तपासायची. आकडा कमी असेल तर इन्सुलिन बाजूला ठेवून आधी साखर द्यायची. डब्यात काय आहे, त्यात कार्बोहायड्रेट किती, हे मोजायचं. डोस काढायचा. पेनवर तोच आकडा आला का ते पाहायचं. टोचायचं. मूल खरंच जेवलं का बघायचं. यातलं टोचणं सगळ्यात सोपं आहे, पण सगळे शिकवतात तेवढंच! तुझं कौशल्य उरलेल्या पायऱ्यांत लागणार आहे. डॉक्टरांच्या आदेशावरून तू जो कागद करशील त्यात समोरच्या माणसाला विचार करून ठरवावं लागेल अशी एकही जागा ठेवू नकोस. असं लिही: ७० च्या खाली आकडा आला तर इन्सुलिन द्यायचं नाही. १५ ग्रॅम साखर जाईल एवढा रस द्यायचा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि मला फोन करायचा. मूल उलटी करत असेल तर मला फोन. आकडा पटत नसेल तर मला फोन. जिथे पारख लागेल तिथे तुझा नंबर लिहिलेला हवा, आणि तो फोन तू उचलायलाच हवा. आणखी एक गोष्ट वर्गशिक्षिकेच्या कागदावर ठळक लिही: शुगर खाली गेलेल्या मुलाला हेल्थ ऑफिसकडे एकटं कधीही पाठवायचं नाही. कॉरिडॉरमध्ये पडलेलं मूल कोणाला लगेच सापडत नाही.

कागद कोणाच्या हाती जाणार आहे, याचा विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक शाळांत ती ऑफिसमधली सेक्रेटरी असते, नाहीतर थोड्या तासांसाठी ठेवलेली हेल्थ एड. पगार बेताचा. समोर उशिरा आलेल्या मुलांची रांग, फोन वाजतोय, आणि त्यातच एक मूल पांढरंफटक होऊन दारात उभं. तिने नर्सिंगचा अभ्यास केलेला नाही आणि ही नोकरी तिने या कामासाठी घेतलेली नाही. तिला भीती वाटते. ती भीती तुझ्यापाशी बोलून दाखवेल एवढा विश्वास आधी मिळव. "कळलं ना?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. तिच्याकडून करून घे. सरावाचं पेन तिच्या हातात दे, कागद तिला वाचायला लाव, "आकडा ६२ आला, आता?" असं विचार आणि गप्प राहा. काही आठवड्यांनी जाऊन पुन्हा करून घे. नोंदवही उघडून बघ. ज्या तारखा रिकाम्या दिसतील त्या दिवशी काय झालं ते तिलाच विचार, पण दरडावून नव्हे.

आणि तिला नाही म्हणायचा हक्क आहे, हे तूच तिला सांग. जोरात अ‍ॅलर्जी उसळली तर द्यायचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन शाळेत ठेवण्याची सक्ती इथे २०१५ पासून आहे. आकडी आलेल्या मुलाला तातडीचं औषध देण्याचा कायदा त्याआधीच आला. दोन्ही कायद्यांत ते देणारा कर्मचारी स्वेच्छेने पुढे आलेला असावा लागतो. थरथरत्या हाताने हो म्हणणारीपेक्षा स्पष्ट नाही म्हणणारी मला नेहमीच जास्त भरवशाची वाटली. ती तुला वेळेवर दुसरं माणूस शोधायला लावते.

प्रिन्सिपलशी हा विषय एकदा निघणारच. "आमची सेक्रेटरी करेल की," असं ते सहज म्हणतील, आणि त्यांच्या मनात काही वाईट नसेल. माणूस कोण नेमायचा हे शाळा ठरवू शकते. पण हे काम त्या माणसाकडे सुरक्षितपणे देता येईल की नाही, हे नर्स म्हणून तू पाहायचंस. देता येत नसेल तर त्याच दिवशी लिहून कळव: कोणतं काम, कोणतं मूल, का नाही, आणि त्याऐवजी काय करता येईल. शेवटचं वाक्य विसरू नकोस. नुसतं नाही म्हटलं तर ते मूल घरी बसतं, आणि ते बसता कामा नये.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे दोनदा बजावलं आहे. स्पायना बायफिडा असलेल्या अँबर टॅट्रोला दर काही तासांनी नळी घालून लघवी काढावी लागे. ते काम शाळेने करायला हवं, असा निकाल १९८४ मध्ये लागला. त्याला डॉक्टर लागत नाही, शिकवलेलं साधं माणूस थोड्या मिनिटांत ते करू शकतं, हे न्यायालयाने पाहिलं. १९९९ मध्ये सीडर रॅपिड्सच्या प्रकरणात व्हेंटिलेटरवरच्या विद्यार्थ्याला शाळेच्या वेळेत सतत देखरेख लागत होती, तीही शाळेनेच द्यायची असं ठरलं. खर्च फार होतो ही सबब चालली नाही. हे दोन्ही निकाल तू वाच. टॅट्रोच्या कामासाठी माणूस शिकवून तयार करता येतो. पण घशातल्या नळीतून श्वास घेणाऱ्या मुलाची नळी कफाने भरते तेव्हा हातात काही सेकंद असतात. कायद्यात कफ ओढून काढण्याचं सक्शनसुद्धा शिकवलेल्या माणसाकडे देण्याची वाट आहे, आणि तरीही, आवारात लायसन्स असलेलं कोणी नसताना ते काम द्यायला मी कधीही तयार झाले नाही. तूही होऊ नकोस. त्या मुलासाठी स्वतंत्र नर्स माग, आणि मिळेपर्यंत मागत राहा.

एक सवय तुला मोडावी लागेल. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर आणि खाटांच्या मध्येही गाद्या टाकलेले पेशंट असत. नाकातल्या नळीने दूध घालायला नातेवाइकांना शिकवायचं, उरलेलं वॉर्डातल्या मावशींना सांगायचं. सोपवणं तिथेही होतं, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त होतं, पण कोणाला काय शिकवलं याची ओळही कुठे लिहिलेली नसे. इथे आठवणीवर काही ठेवू नकोस. कोणाला, कोणत्या मुलासाठी, काय, कधी शिकवलं, पुन्हा कधी पाहिलं, सगळं लिही. शिकवलेलं एका मुलापुरतंच असतं, हेही तिथे लिही. एकाला इन्सुलिन देते म्हणून ती उद्या दुसऱ्याला देऊ शकत नाही.

तुझ्या शाळांत आपली मंडळीही भेटतील. डब्यात पोळी-भाजी, वरण-भात. कशावर लेबल नाही, आणि हेल्थ एडला पोळी म्हणजे काय हेच माहीत नसतं. अशा आईला सांग, की डब्यात रोज चिठ्ठी टाका, एकूण कार्बोहायड्रेट किती ते ग्रॅममध्ये लिहून. मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम धरतात, पण ती किती मोठी लाटली त्यावर आकडा हलतो, म्हणून पहिल्यांदा घरी वजनकाट्यावर मोजायला लाव. आणि कोणी बाईंच्या हातात चूर्णाची पुडी किंवा "ताप आला तर अर्धी गोळी द्या" म्हणून पाकीट दिलं, तर ते प्रेमाने परत कर. डॉक्टरांचा आणि पालकांचा लेखी कागद नसेल तर इथे शाळेत साधी तापाची गोळीही देता येत नाही.

औषधं देण्याचे हे नियम कॅलिफोर्नियाचे झाले. न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणीकडे नर्स आवारात नसताना एपिनेफ्रिन देण्यासाठी नर्स स्वतः स्वयंसेवक निवडून त्यांना शिकवते, आणि इंजेक्शन दिल्यावर मूल ठणठणीत दिसत असलं तरी त्याला अ‍ॅम्ब्युलन्सने इमर्जन्सीत न्यावंच लागतं, असं तिथल्या कायद्यातच आहे. तेव्हा सहल राज्याबाहेर निघाली, तर मुलाचं औषध कोण देणार हे त्या राज्याच्या नियमांनी आधी तपासून घे. बसमध्ये बसल्यावर ते शोधता येत नाही.

चार शाळांनी दडपून जाऊ नकोस. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये नर्स लिलियन वॉल्डने नर्स लीना रॉजर्सला महिनाभराच्या प्रयोगासाठी शाळांमध्ये पाठवलं, तेव्हा तिच्याकडेही चारच शाळा होत्या. उवा, खरूज, डोळे आलेली मुलं डॉक्टर तपासून घरी पाठवत, आणि घरी त्यांना बरं करणारं कोणी नसे. तिने शाळेत मलमपट्टी केली आणि घरोघर जाऊन आयांना शिकवलं. शहराने मग आणखी नर्सेस नेमल्या. १९०२ च्या सप्टेंबरात आजारपणापायी घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा १०,५६७ होता. पुढच्या सप्टेंबरात तो १,१०१ वर आला. हे यश मलमाचं जेवढं, तेवढंच त्या आयांना शिकवण्याचं होतं, असं मी मानते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात चारही शाळांत स्वतः जाऊन एवढं बघ. तातडीच्या औषधांच्या मुदतीच्या तारखा. कपाटाची किल्ली कोणाकडे, आणि ती बाई रजेवर असेल तर कोणाकडे. ज्यांना मागच्या वर्षी शिकवलं त्यातले कोण सोडून गेले. ज्या शाळेत यातल्या एकाचंही उत्तर मिळणार नाही, तिथे दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस बस, बाकी तिन्ही शाळांना थांबू दे. आणि मुलांचे आराखडे लिहायला घेशील तेव्हा नावं खोडून मला पाठव, दोघी मिळून प्रत्येक ओळ वाचू.

तुझी,
मावशी