माजी आणि हळे

आमच्याकडे माणसं गोळा करायची असली तर येळवस गाठावी लागते. पुणे असो, हैदराबाद असो की बेंगळुरू, भालकी तालुक्यातला माणूस मार्गशीर्षातल्या अवसेला शेतात येतोच. कडब्याच्या खोपीपुढे बसून भज्जी आणि आंबील पोटात गेल्याशिवाय त्याचं साल पुरं होत नाही. म्हणून गावच्या शाळेचा वर्धापनदिनाचा मेळावाही आम्ही येळवसेच्या दुसऱ्या दिवशी ठेवला. आंबिलीची सुस्ती डोळ्यांवर असते, त्यामुळे भाषणं आपोआप आखूड होतात.

बॅनरवर वर कन्नड, खाली मराठी. मराठीत ‘माजी विद्यार्थी संघ’, कन्नडमध्ये ‘हळे विद्यार्थिगळ संघ’. बांबूला सुतळी बांधता बांधता मी दोन्ही ओळी वाचत होतो. हळे म्हणजे जुना. जुना झाला तरी विद्यार्थी आहेच. माजी मात्र होऊन गेलेला, संपलेला. गंमत म्हणजे हा ‘माजी’ही आपला नव्हे, अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेला, तिकडे माजी म्हणजे भूतकाळच. हजेरी, दाखला, इमारत हे सगळे त्याच वाटेचे पाहुणे. ते कधीचे घरचे झाले आहेत, तो भाग वेगळा.

बॅनरवर एक जागा कोरी होती, शाळेचं वय. ‘‘आकडा पक्का झाल्यावर चिकटवू,’’ असं खजिनदारांनी पेंटरला सांगून ठेवलेलं.

शाळेच्या वयाचा विषय निघाला की मला वडील आठवतात. ते ‘नूतन’चे. गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयात शिकलेली मंडळी एवढ्या एका शब्दावर ओळख भागवतात. शाळा १९०७ची. विठ्ठलराव देऊळगावकर आणि केशवराव कोरटकर यांची ही खटपट. कोरटकरांनी गुलबर्ग्यात वकिली सुरू केली आणि पुढे हैदराबादला हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले; तिथली विवेकवर्धिनी शाळाही १९०७चीच. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दूत शिकवणारं. पुढे तर निजामी राज्यात खासगी शाळेला सरकारी परवानगीच लागू लागली. अशा मुलखात शाळा काढायला वकीलच हवा, असं माझं मत आहे. कवीनं काढली असती तर पहिल्याच नोटिशीला बंद पडली असती. अर्ज कुठल्या शब्दानं सुरू करायचा आणि कुठल्या सलामानं संपवायचा, हे वकिलाला ठाऊक असतं.

वडिलांच्या बाकावर एक मुलगा निलंग्याचा होता, एक जहीराबादचा. १ नोव्हेंबर १९५६ला बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्याकडे. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे. गुलबर्ग्याचा बहुतेक भाग म्हैसुरात. एका बाकाची तीन राज्यं झाली. १९७३मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी. वडील मात्र शेवटपर्यंत ‘गुलबर्गा’च म्हणत. राग नव्हता; जीभ वळत नव्हती.

अजूनही कलबुर्गीला जायचं झालं की मी रस्त्यानंच जातो. रेल्वे झाली आहे, पण रेल्वेत कमलापूरची लाल केळी मिळत नाहीत. शहराजवळ आलं की डाळीच्या गिरण्यांचा तो कोरडा, पिवळा वास येतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून भाषा ठरवतो आणि चुकला तर वाक्याच्या मध्येच बदलतो. शहाबादी फरशीच्या पायरीवर बसून मी चहाच्या एका कपात तीन भाषांची घासाघीस ऐकली आहे. सौदा शेवटी दखनीतल्या ‘हौ’वर मिटला.

जुन्या शाळांचंच म्हणाल तर बिदरला महमूद गवानचा मदरसा आहेच. १४७२चा. समोरच्या दोन मिनारांपैकी एक उभा आहे, त्यावर निळ्या फरश्यांचे तुकडे अजून तग धरून आहेत. त्याचा माजी विद्यार्थी संघ नाही. पारवे आहेत.

असो. बॅनरवरचा आकडा कोण सांगणार? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून निघालं. जाड पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, आत सगळं उर्दू, घाईच्या हाताचं. सभागृहात इंजिनीयर होते, दोन डॉक्टर होते, एक निवृत्त तहसीलदार होते. वाचता येईना कोणालाच. मग गावातल्या म्हाताऱ्या आबांना आणलं. आबांनी लहानपणी शाळेत उर्दू गिरवली, पुढे मराठी शिकले, नोकरी कन्नडमध्ये केली आणि आता पेन्शनसाठी बँकेत अंगठा देतात, कारण मशीनला तोच कळतो.

‘‘कधी आलाव?’’ मला विचारून त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ओळीवर ठेवलं. पहिली पानं गेलेली. वाचता येणारं पहिलं साल १३३९ फसली. निजामी फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं, ते एकाच वेळी दोन इसवी सनांत पाय ठेवून असायचं. म्हणजे १९२९ की १९३०? खजिनदार म्हणाले, १९३० धरा. वर्गणी अजून यायची आहे.

आबा पुढे वाचत गेले. एका पानावर सगळ्या मुलांचा जन्म एकाच तारखेचा, १ अमरदाद. अमरदाद म्हणजे साधारण जून. आमची अख्खी पिढी कागदोपत्री १ जूनला जन्मलेली. हसू आवरेना. राज्य बदललं, पंचांग बदललं, मास्तरांची युक्ती तीच.

शेवटचं पान १३५७ फसलीचं. तिथं आबांचं बोट थांबलं. त्यांचंच नाव. दाखल झाल्याची तारीख होती. पुढचा खारीजचा रकाना कोरा. खालच्या नावांचाही कोरा. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, शाळेला कुलूप लागलं. ते उघडलं तेव्हा मास्तर नवे, रजिस्टर नवं आणि मराठीत. जुन्या वहीत कोणी परत पेन टेकवलंच नाही.

‘‘मला काढलंच नाही की रे,’’ आबा म्हणाले.

तहसीलदारांनी पान स्वतः उलटसुलट करून पाहिलं. नोंद नाही म्हणजे नाही. खजिनदार पावतीपुस्तक उघडून बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि हळूच मला विचारलं, ‘‘मग आबांकडनं माजी विद्यार्थ्याची वर्गणी घ्यायची का नाही?’’