पसरणी घाट आणि मागची सीट

वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढताना कृष्णेचे खोरे खाली उलगडत जाते. मागे बसलेल्या वडिलांचा भारही प्रत्येक वळणावर जाणवतो. जुनी मोटारसायकल नुकतीच घेतली असल्यास प्रथम सपाट रस्त्यावर एकट्यानेच चालवून पाहावी. ब्रेक दाबताच ती एका बाजूस ओढते काय? हँडल अडखळते काय? नव्या रंगावर जाऊ नये. रंग आम्हा डॉक्टरांनाही फसवतो. टायरवरील चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. सतत दाबलेले ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. मागचे फूटरेस्ट घट्ट हवेत, कारण गुडघे दुखणारी व्यक्ती त्यांवरच भार देऊन चढते-उतरते.