‘एल’ची पाटी

आमच्या सीमाभागात पाट्यांवरून जेवढे वाद झाले, तेवढे शेताच्या बांधावरूनही झाले नसतील. पण एक पाटी अशी आहे, की ती निपाणीत लावा नाहीतर कागलात, कोणी भांडत नाही. पांढऱ्या चौकोनावरचे ते लाल ‘एल’!

पुतण्याला अठरा पूर्ण झाली आणि त्याने शिकाऊ लायसन काढले. पाडव्याला एकट्यानेच मोटार घेऊन कोल्हापूरला आत्याकडे जायचा बेत ठरला. ‘‘काका, लायसन हाय की! सहा महिने चालतंय.’’

‘‘चालतंय. पण शेजारी कोण बसणार?’’ मी विचारले.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम हेच विचारतो. शेजारी पक्के लायसन असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. पुढे-मागे ‘एल’ हवे. दुचाकीवर मागे बसला तर तो शिकवणाराच, मित्र नव्हे. अट मोडली, की खिशातले लायसन असून नसल्यासारखेच. मग १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८१ लागते : तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पूर्वी ५०० रुपयांपर्यंत असलेला हा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५००० झाला. गाडी देणारा मालक कलम १८० मध्ये सापडतो. कायदा केंद्राचा, कोगनोळी ओलांडली म्हणून सुटका नाही.

पण खरा हिशेब अपघातानंतर होतो. शिकाऊ लायसन हेही लायसनच, तेवढ्यावरून विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात ५ जानेवारी २००४ रोजी सांगितले. मात्र मालकानेच विम्याची अट जाणूनबुजून मोडल्याचे सिद्ध झाले, तर कंपनी जखमीला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. तंबाखूची किती पिके त्यात जातील, हे ज्याचे त्याने मोजावे.

तवंदी घाटात समोरून येणारा कानडी की मराठी, आपल्याला ठाऊक नसते. त्यालाही आपण ठाऊक नसतो. ते लाल अक्षर त्याला एवढेच सांगते : पोर शिकतंय, जरा सांभाळून घ्या, शेजारी जाणते माणूस आहे. पाटी लावून शेजारची जागा रिकामी ठेवणे म्हणजे त्या अनोळखी वाटसरूला दिलेला शब्द मोडणे. आणि शब्द कोणत्याही भाषेत मोडला, तरी तो मोडलाच.