झेरॉक्स कुणाची?

"अक्षर न् अक्षर तेच आहे ना? मग तक्रार कसली?" त्या विक्रेत्याचं हे उत्तर आठवलं की आजही डोकं फिरतं.

जुन्या विज्ञानपटांच्या पटकथांचे सुरुवातीचे खर्डे जमवायचा मला नाद आहे. लॉस एंजेलिसला राहतो म्हणून परवडतो, एवढंच. मला हवा होता डॅन ओ'बॅनन यांनी १९७६ मध्ये लिहिलेला 'एलियन'चा खर्डा. आधी त्याचं नाव 'स्टार बीस्ट' होतं. त्यात नायिका रिप्ली नाही, अ‍ॅश हा यंत्रमानव नाही, यानाचं नावही 'स्नार्क'. पण पात्रांच्या यादीपाशी एक टीप आहे: यातलं कुठलंही पात्र स्त्री किंवा पुरुष कुणीही करावं. १९७९ च्या पडद्यावर रिप्ली झालेली सिगर्नी वीव्हर आठवा आणि मग ती टीप वाचा!

'मूळ प्रत' म्हणून भरपूर पैसे घेऊन आलेलं पार्सल उघडलं. कागद अमेरिकी मापाचा, डावीकडे भोकं, त्यांत पितळी पिना. सगळं रीतसर. पान उजेडात तिरकं धरलं तेव्हा प्रत्येक भोकाच्या शेजारी एक काळसर चंद्रकोर दिसली. आधीच्या प्रतीच्या भोकांची सावली यंत्रानं इमानदारीत छापली होती! पिनेचा डागही छापील, नखाला लागेचना. त्या काळी स्टुडिओसुद्धा झेरॉक्सच काढायचे, हे मला ठाऊक आहे. विक्रेत्यानंही तेच ऐकवलं. अहो, पण स्टुडिओची झेरॉक्स वेगळी आणि तुमच्या दुकानातली वेगळी! पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

प्रत कुठून आली याला महत्त्व नाही म्हणणाऱ्यांनी सत्यजित राय यांचा वेगळाच 'द एलियन' आठवावा. १९६७ ची ती पटकथा राय यांची. पण हॉलिवूडमध्ये तिच्या सायक्लोस्टाइल प्रती फिरत होत्या, आणि त्यांवर स्वामित्वहक्कात राय यांचे प्रतिनिधी माईक विल्सन यांचंही नाव होतं. सगळा घोळ पहिल्या पानावर. तेच पान कुणी नव्यानं टाइप करून लावलं तर पुरावाच गेला की!

एवढा संताप करूनही ती झेरॉक्स मी त्याच रात्री एका बैठकीत संपवली, आणि वाचताना भोकांची आठवणसुद्धा झाली नाही. बायको म्हणाली, "मग बरोबरच बोलला की तो." यावर मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही.

तरी कुणी विकत घेणार असाल तर भोकांचा जवळून काढलेला फोटो आधी मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. नुसतं वाचायचं असेल तर बेव्हर्ली हिल्सच्या मार्गारेट हेरिक लायब्ररीत जुन्या पटकथा फुकट वाचता येतात; घरी मात्र नेता येत नाहीत.