रोजकीर्द आणि खतावणी

रोजकीर्दीत व्यवहार घडतील तसे लिहितात. खतावणीत ते खातेवार लावतात. हा धडा संगणकालाही लागू पडतो, हे पोळ्याला सावरगावी आलेल्या माझ्या मावसभावाकडून कळले. त्याच्या कचेरीत साहेबांच्या नावाने कोणीतरी वारंवार चुकीचा पासवर्ड देत होते, आणि संशय या नव्या पोरावर! तेथे सर्वांची नावे व पासवर्ड डिरेक्टरी सर्व्हरवर असतात. त्याच्या लॉगमध्ये सगळ्या यंत्रांच्या नोंदी मिसळलेल्या. मात्र प्रत्येक जोडणीचा क्रमांक वेगळा. त्या क्रमांकाने ओळी निवडल्या. पहिल्या ओळीत यंत्राचा आयपी पत्ता, पुढे बाइंड, मग एरर ४९, म्हणजे ओळख पटली नाही. पत्ता स्कॅनरचा निघाला. त्यात साहेबांचा जुना पासवर्ड तसाच होता. मित्रहो, खतावणी मांडल्यावाचून कोणाच्या नावे बाकी काढू नये.