कमळाचे वीस पैसे

परवा स्टेशनवरून शेअर रिक्षाने गावात आलो. रिक्षावाल्याने उरलेले सुट्टे हातावर ठेवले आणि मी सवयीने तिथेच दिव्याखाली ते उलटेसुलटे करून बघायला लागलो. मागून उतरणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, बरोबर दिलेत त्यांनी!" आता त्यांना काय सांगणार...

तर मंडळी, हे व्यसन जुनं आहे. बदलापूर गावात आमचं किराण्याचं छोटंसं दुकान होतं. (शिवकाळात इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. आमच्या दुकानात बदलायचो त्या फक्त नोटा, त्याही कुरकुरत.) रात्री फळ्या लावल्या की अण्णा गल्ला चटईवर ओतायचे आणि मी अन् धाकटा मोजायला बसायचो. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे. ॲल्युमिनियमची नाणी इतकी हलकी, की पंख्याखाली रचलेले ढीगही कधी कधी कलंडायचे.

टांकसाळ ओळखायला अण्णांनीच शिकवलं. साल असतं ना, त्याच्या खाली बघायचं. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता. नोएडाचं टिंब त्या मानाने नवीन. मग आमची मॅच लागायची. मी मुंबई, धाकटा हैदराबाद. कलकत्ता कुणालाच नको असायचं. बहुतेक वेळा मीच जिंकायचो. टांकसाळ दोन तासांवर, नाणी आमच्याकडेच येणार की!

1988 सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा, धाकटा सहाचा. एका रात्री ढिगातून पिवळंधमक नाणं निघालं. वीस पैसे, मागे कमळ. ही नाणी 1968 ते 1971 एवढीच वर्षं पाडली. त्यात सोनं आहे असं लोक म्हणायचे आणि दाबून ठेवायचे. सोनंबिनं काही नव्हतं, पण दाबून ठेवल्यामुळे ती गल्ल्यात दिसेनाशी झाली होती. अण्णांनी ते नाणं धुतलं आणि लक्ष्मीपूजनाला होईल म्हणून देवघरातल्या कापराच्या डबीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ते मी काढलं.

शाळेबाहेर पेप्सीकोला मिळायचा, प्लास्टिकच्या नळीतला बर्फ, चार आण्याला एक. माझ्याकडे पाच पैसे होते. वीस कमी पडत होते. बस, एवढंच. वाईट मुलगा होतो असं नाही, हिशेब जुळत होता.

संध्याकाळी डबी रिकामी दिसली. धाकटा कायम नाण्यांशी खेळायचा, त्यामुळे कुणी मला विचारलंसुद्धा नाही. अण्णांचा हात फारसा उठायचा नाही, त्या दिवशी उठला. मी अभ्यासाचं पुस्तक धरून बसलो होतो. पान उलटायचंही भान नव्हतं.

मार तो विसरला असेल. मला छळतं ते पुढचं. दोन-तीन दिवसांनी तो तांदळाच्या पोत्यांमागे हात घालून काहीतरी शोधत होता. "काय करतोस रे?" विचारलं, तर म्हणाला, "माझ्याकडून पडलं असेल ना, दादा." त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं! पुढे कित्येक महिने तो पोती सरकवत होता, आणि मी त्याच्याबरोबर, कंदील धरून.

तेव्हापासून मी सुट्टे बघतो. खूप काही मिळालं तसं. 1999 चे शिवाजी महाराजांचे दोन रुपये, 2002 चा तुकोबांचा रुपया, 2007 चे टिळकांचे पाच रुपये. भाचा व्हॉट्सॲपवर पाठवतो, अमुक नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील. कसले मिळतायत! असल्या फसव्या जाहिरातींना भुलू नका असं रिझर्व्ह बँकेलाही ऑगस्ट 2021 मध्ये सांगावं लागलं. मला हवं होतं ते कमळ तेवढं आलं नाही.

आणि मग 2011 आलं. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जूनपासून बाद. त्याआधीच्या महिन्यात लोकांनी घरातले डबे रिकामे केले, अण्णांचा गल्ला पुन्हा लहानपणीसारखा भरला. मी दोन रविवार चटईवर बसून एक एक नाणं बघितलं. गेंड्याचे चार आणे तर किती! शेवटी अण्णा पिशवी घेऊन बँकेत गेले आणि मला कळलं, ते नाणं आता सुट्ट्यांतून येणं नाही. पुढच्याच वर्षी अण्णा गेले. आता तर दुकानाच्या जागी मोबाइलवाला आहे आणि पानवाल्याकडेही क्यूआर कोड. सुट्टे हातात येणंच दुर्मिळ.

गेल्या दिवाळीआधी फोर्टात फूटपाथवर जुनी नाणी मांडून बसलेला एक जण दिसला. कमळाचे वीस पैसे, 1970 चे. भाव केला नाही. धाकटा दिवाळीला पुण्याहून आला होता, त्याच्या हातावर ठेवलं. त्याने चष्मा वर केला, आधी सालाखाली बघितलं. "मुंबई," म्हणाला. मग विचारलं, "कुठे मिळालं रे, दादा?"

"सुट्ट्यांत," मी म्हणालो.

बाद झालेलं नाणं सुट्ट्यांत येत नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. काही बोलला नाही. उठून देवघरात गेला, कापराची डबी अजून तीच आहे, तिच्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

तो हे वाचणार, पहिलाच वाचतो. तर बाबा रे, पोत्यांमागे काहीच पडलं नव्हतं. काला खट्टा होता.